मिलेच्या सरवा वेचणाऱ्या बायकांना वजन कसं आणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्रेंच चित्रकार ज्याँ-फ्रांस्वा मिलेचं ‘सरवा वेचणाऱ्या बायका’ (सरवा म्हणजे कापणीनंतर रानात पडून राहिलेल्या ओंब्या) हे १८५७ सालचं चित्र तुम्ही तैलरंगात उतरवायला घेतलं आहे. चौकटी आखून केलेलं रेखाटन मूळ चित्राशी जुळतं, तरी तुमच्या बायका कवायतीला वाकल्यासारख्या दिसतात. मागचं शेत अंगावर येतं. तो तपकिरी-सोनेरी रंग काही केल्या जमत नाही, म्हणून तो कुठल्या ट्यूबमधून येतो असं तुम्ही विचारलं आहे. आणि शेवटी, याच बायकांना नऊवारी नेसवून ज्वारीच्या रानात आणलं तर चालेल का, हेही विचारलं आहे.

मी बरीच वर्षं विद्यार्थ्यांकडून जुन्या चित्रांच्या प्रतिकृती करून घेतो आणि हे चित्र वर्गात वारंवार येतं. ट्यूबचं उत्तर देतो, पण ते पुढे. कारण तुमची खरी अडचण रंगाची नाही. या चित्राचा सगळा भार दोन ठिकाणी आहे: वाकलेल्या बाईचं वजन पावलांवर कसं पडतं यात, आणि जवळच्या काळोख्या जमिनीत व लांबच्या उजळ शेतात जी दरी आहे तिच्यात. या दोन्ही गोष्टी काळ्या-पांढऱ्यात ठरतात. तिथे चुकलं की मागाहून कितीही महाग रंग लावा, बाया हलक्याच राहतात.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्ही मोबाइलवरच्या चित्रावरून काम करत असाल तर त्यातला पिवळेपणा कितपत खरा, हे सांगता येत नाही. एकाच चित्राची छायाचित्रं एकात लालसर, दुसऱ्यात हिरवट दिसतात. चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे, तेव्हा संग्रहालयाने स्वतः दिलेलं मोठं छायाचित्र घ्या आणि रंगासाठी तेवढंच प्रमाण माना. दुसरं, प्रतिकृती भिंतीवर लावायला करताय की शिकायला? भिंतीसाठी असेल तर थोडीफार ढील चालेल. शिकायला असेल तर मी पुढे सांगतो त्यातलं काहीच गाळू नका. तिसरं, समोर माणूस बसवून रेखाटायची सवय तुम्हाला किती आहे? ती नसेल तर आधी आठवडाभर घरातल्या माणसांची चित्रं काढा, कॅनव्हास थांबू शकतो.

आता चित्रात काय चाललंय ते नीट पाहू, कारण प्रतिकृती करणाऱ्यांपैकी बरेचजण ते न पाहताच ब्रश उचलतात. कापणी झालेल्या गव्हाच्या रानात पडून राहिलेल्या ओंब्या तीन बायका वेचतायत. त्या या शेताच्या मजूर नाहीत. मजूर मागे आहेत, लांब उन्हात. तिथे गंज्या रचल्यात, गाडी भरली जातेय, पेंढ्या पडल्यात, माणसांची झुंबड आहे. उजव्या कडेला, अगदी लहानसा, घोड्यावर बसलेला देखरेख करणारा माणूस आहे. म्हणजे पीक मागे आहे आणि उरलंसुरलं पुढे.

फ्रान्समध्ये सरवा वेचणं हा गरिबांचा जुना हक्क होता, पण त्याला बंधनं होती. मिलेच्या काळच्या कायद्याप्रमाणे शेतातून पीक पुरतं हलण्याआधी वेचायला मनाई होती आणि सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतरही मनाई होती. चित्रातलं ऊन तिरपं आहे, दिवस कलला आहे. त्या बायकांना मान वर करायला वेळ नाही हे मला त्या उन्हावरून कळतं. घोडेस्वार त्यांच्याकडे पाहतोय असं मिलेने दाखवलेलं नाही. तो नुसता तिथे आहे, आणि तेवढं पुरतं.

मिले स्वतः नॉर्मंडीतल्या ग्रुशी नावाच्या वाडीतला, १८१४ चा जन्म, शेतकऱ्याचा मुलगा. वडिलांच्या शेतात राबला, मग १८३७ मध्ये पॅरिसला चित्रकला शिकायला गेला आणि १८४९ मध्ये बार्बिझाँ या गावी राहायला आला, तो १८७५ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. हे रान त्याच गावाजवळचं, शाय्यीच्या माळाचं. समोर माणूस उभा करून रंगवण्यापेक्षा तो बहुतेक आठवणीतून रंगवायचा. तुमच्या कामाच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची आहे. आठवणीतून काढणारा चित्रकार कपड्याची प्रत्येक चुणी काढत नाही. शरीराला काय होतं तेवढंच त्याच्या हातात राहिलेलं असतं. तुम्ही छायाचित्रावरून चुण्या मोजत बसलात तर त्याने मुद्दाम गाळलेलं तुम्ही परत भरताय.

त्याने हा विषय एका बैठकीत उरकलेला नाही. १८५३ मध्ये ऋतूंच्या मालिकेत त्याने सरवा वेचणाऱ्या बायका उभ्या आकारात रंगवल्या होत्या. मग या विषयाचं एचिंग केलं, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, रंगाशिवाय, नुसत्या रेषा आणि काळोखात. त्यानंतर हे आडवं चित्र आलं. उभ्या आकारात आभाळाला जागा मिळते. आडव्या आकारात जमीन पसरते आणि बायका तिच्यात दबतात. क्षितिज वर सरकलेलं आहे. दोघी पूर्ण वाकलेल्या, त्यांची डोकी क्षितिजाच्या खूप खाली. तिसरी अर्धवट उठलेली, तिचं डोकं क्षितिजाच्या आसपास येऊन थांबतं. रेखाटन करताना ही एक रेषा बोटभर जरी खाली घेतलीत तरी बायका आभाळात मोकळ्या होतात आणि चित्र संपतं. तुमची रेषा आधी मोजून बघा.

आता शरीरांकडे. आरशासमोर उभे राहा, गुडघे जवळजवळ सरळ ठेवून जमिनीवरची काडी उचला, आणि मध्येच थांबा. तुमचा पार्श्वभाग टाचांच्या मागे गेलेला दिसेल. तो मागे गेला नाही तर तुम्ही तोंडावर पडाल. डोकं, खांदे, हात एवढं सगळं पावलांच्या पुढे जातं, त्याचा तोल मागच्या भाराने सावरला जातो. प्रतिकृतींमध्ये मी सतत पाहतो ती चूक अशी: विद्यार्थी कंबर टाचांच्या बरोबर वर ठेवतो आणि नुसती पाठ गोल करतो. अशी बाई खरं तर उभीच असते, फक्त मान घातलेली. तुम्ही म्हणता तो कवायतीचा भास इथून येतो.

यावर साधा उपाय आहे. रेखाटनावर ओळंब्यासारखी उभी रेघ सोडा, पावलांच्या मधून वर. रेघेच्या पुढे किती शरीर आहे आणि मागे किती, ते मिलेच्या चित्रात मोजा आणि मग आपल्यात. घागऱ्यामुळे पाय झाकलेले आहेत, त्यामुळे फसायला होतं. घागऱ्याचा तो जाड, मागे गेलेला गठ्ठा हाच तोल आहे. तो बारीक करू नका. पायांतले जाड जोडेसुद्धा नाजूक करू नका. बाई जमिनीत रोवलेली दिसते ती त्यांच्यामुळे.

डावीकडच्या दोघींच्या पाठी जवळजवळ समांतर आहेत, दोघींची तोंडं उजवीकडे. तिसरी उजव्या बाजूला, त्यांच्याकडे तोंड करून, अर्धी उठलेली. वाकणं, वेचणं, पुन्हा उठणं, हे एकाच कामाचे तीन क्षण मिलेने तीन बायकांत वाटले आहेत. म्हणून तिघींना वेगवेगळं, स्वतंत्र पात्र म्हणून रंगवू नका. मिलेनेही चेहरे जवळपास सोडून दिलेत. ते सावलीत आहेत, नाकडोळे ओळखण्याजोगे नाहीत. वर्गात कुणीतरी हमखास त्या चेहऱ्यांवर डोळे काढतं आणि दुसऱ्या क्षणी बघणाऱ्याची नजर हातावरून उडून चेहऱ्यावर जाते. हे चित्र हातांचं आहे.

डावीकडची, निळ्या रुमालाची बाई बघा. तिचा एक हात जमिनीकडे गेलाय आणि दुसरा मागे, पाठीवर दुमडलेला, त्यात वेचलेल्या ओंब्यांची जुडी. बराच वेळ वाकून काम केलेल्या कुणालाही हा मागचा हात ओळखीचा वाटेल. कंबर भरून आली की हात आपोआप तिथे जातो. मला या चित्रातली सगळ्यात खरी जागा तीच वाटते, आणि प्रतिकृतींत सगळ्यात हलगर्जीपणे रंगवली जाते तीही तीच. त्या हातावर वेळ घाला. बोटं वेगळी काढू नका, मूठ आधी एकाच गोळ्यात बसवा, मग उजेड जिथे पडतो तिथे एक-दोन फटकारे द्या.

पुढच्या हातांचं वेगळं. बोटं आणि जमीन यांच्यामध्ये जी वीतभर जागा आहे तिच्यात सावली हवी. विद्यार्थी हात छान रंगवतात आणि त्याखाली पिवळं रान सपाट सोडून देतात, मग हात हवेत तरंगतो. हाताखाली, रानाच्या रंगातच थोडा अंबर (गडद तपकिरी मातीरंग) मिसळून, मऊ कडेची सावली ठेवा. कडक कडेची काळी पट्टी नको. तसंच जोड्यांखाली. या जागा बसल्या की बायका जमिनीवर येतात. तोवर बाकीचं रंगवण्यात अर्थ नाही.

मागचं शेत अंगावर का येतं? कारण तुम्ही ते तपशिलाने रंगवताय, आणि तपशिलासोबत गडदपणा येतो. कागदावर राखाडीच्या पाच पायऱ्या करा, पांढऱ्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत. मागचं सगळं जग, म्हणजे आभाळ, गंज्या, गाडी, माणसं, घोडेस्वार, वरच्या दोन पायऱ्यांत बसवा. फार तर तिसरीला स्पर्श करा. बायका आणि त्यांच्या पायाखालचं रान खालच्या तीन पायऱ्यांत. मागच्या गंजीची सावलीसुद्धा पुढच्या घागऱ्याच्या सावलीपेक्षा बरीच फिकी हवी. डोळे बारीक करून बघितलं की मागे नुसती सोनेरी धूळ आणि पुढे तीन जड आकार, एवढंच उरलं पाहिजे. मोबाइलचा इथे चांगला उपयोग होतो: मूळ चित्र आणि तुमचं चित्र, दोन्हींचे फोटो काळे-पांढरे करून शेजारी ठेवा. चूक कुठे आहे हे मला विचारायची गरज राहणार नाही.

हे नुसतं तंत्र नाही. मागे भरपूर आहे, उजेडात आहे, पण लहान आहे. पुढे जवळजवळ काही नाही, आणि ते मोठं आहे. १८५७ च्या पॅरिसच्या सालोँ प्रदर्शनात हे चित्र लागलं तेव्हा काही समीक्षक बिथरले ते याच मांडणीने. फ्रान्समधली १८४८ ची क्रांती होऊन दशकही झालं नव्हतं. एकाने यांना दारिद्र्याच्या नियतिदेवता म्हटलं. दुसऱ्याला त्यांच्यामागे १७९३ चे, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीतल्या रक्तपाताचे वधस्तंभ दिसले. ओंब्या वेचणाऱ्या तीन बायकांमागे! दोनच वर्षांनी ज्यूल ब्रेताँ या फ्रेंच चित्रकाराने सरवा आटोपून घरी निघालेल्या बायका रंगवल्या. त्यात रखवालदार हाताची ओंजळ तोंडाशी धरून काम थांबवायची हाक देतोय, बायका ताठ उभ्या आहेत, डोक्याखांद्यावर भारे आहेत, मावळतीचं सुंदर ऊन आहे. ते चित्र राजघराण्याला आवडलं आणि विकत घेतलं गेलं. ब्रेताँ मोठाच चित्रकार, त्याचं ते चित्र मलाही आवडतं, पण त्या बायकांची कंबर दुखत नाही. तुमच्या प्रतिकृतीत मागचं शेत जितकं पुढे येईल तितकं ते ब्रेताँच्या बाजूला सरकेल.

इथवरचं जमलं का ते तपासूनच पुढे जा: क्षितिज पुरेसं वर, कंबर टाचांच्या मागे, हाताखाली सावली, मागचं शेत फिकं. यातलं एक जरी राहिलं असेल तर रंग उघडू नका.

आता रंग. तपकिरी-सोनेरी असा एकच रंग चित्रात नाही, म्हणून तो ट्यूबमध्ये सापडणार नाही. तो थरांतून तयार होतो. कॅनव्हासवर आधी बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून सगळं चित्र एकरंगी रंगवा. अंबर लवकर वाळतो, हा त्याचा मोठा गुण. तो पुरता वाळला की वरून यलो ऑकर आणि रॉ सिएना हे पिवळट मातीरंग, थोडा लाइट रेड आणि पांढरा यांच्या मिश्रणांनी रान रंगवा, पण सलग फासू नका. खालचा अंबर मधून मधून दिसू दे. ती ऊब खालून येते. पुढच्या रानात धसकटांचे फटकारे अगदी जवळच्या भागात थोडेच द्या, वर जाल तसे ते पुसट होऊ द्या. प्रत्येक काडी काढलीत तर गालिचा होईल.

सावल्यांमध्ये पांढरा मिसळू नका, त्या खडूसारख्या होतात. सावली गडद करायला काळ्याऐवजी बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन निळा मिसळा. तीन रुमालांचे निळा, तांबडा आणि पिवळट हे रंग चित्रातले सगळ्यात ठळक. ते ट्यूबमधून थेट लावू नका. निळ्यात थोडा अंबर, तांबड्यात थोडा ऑकर घातलात की ते रानातले वाटतील. तरीही त्यांना शेवटपर्यंत हात लावू नका. रुमाल आधी रंगवले की बाकीचं सगळं त्यांच्याशी स्पर्धा करायला लागतं आणि चित्र भडक होत जातं. पहिले थर टर्पेंटाइनचे, वरचे लिन्सीड तेलाचे, हा क्रम उलटा झाला तर पुढे भेगा पडतात. पावसाळ्यात करत असाल तर प्रत्येक थराला जास्त दिवस द्या; दमट हवेत रंग वरून वाळलेला वाटतो आणि आतून ओला असतो. व्हार्निशची घाई नको, पाचसहा महिने तरी जाऊ देत.

रंगाशिवाय हे चित्र उभं राहतं का अशी शंका असेल तर व्हॅन गॉगकडे बघा. १८८९-९० मध्ये साँ-रेमीच्या इस्पितळात असताना त्याने मिलेच्या कितीतरी चित्रांवरून कामं केली, आणि त्याच्यासमोर होती ती काळी-पांढरी छापील चित्रं. रंग त्याने स्वतःचे घातले, निळे आणि पिवळे, मिलेच्या रंगांशी संबंध नसलेले. तरी त्यातला माणूस मिलेचाच वाटतो, कारण अंगाची ठेवण त्याने ढळू दिली नाही.

आकाराबद्दल एक सोयीची गोष्ट. मूळ चित्र ८३.५ × ११० सेंटिमीटर, म्हणजे उंची आणि रुंदीचं प्रमाण जवळपास ३ : ४. आपल्याकडे तयार मिळणारा १८ × २४ इंची कॅनव्हास त्याला जवळजवळ तंतोतंत बसतो. मूळ आकाराएवढी प्रत करायचा आग्रह धरू नका. लूव्हरमध्ये बसून प्रती करणाऱ्यांनाही मूळ आकार घेऊ देत नाहीत, म्हणजे प्रत आणि मूळ यांत घोटाळा होत नाही. मागच्या बाजूला ‘मिलेवरून’, तुमचं नाव आणि साल लिहा.

राहिला नऊवारीचा प्रश्न. कल्पना मला आवडली, पण पद्धत बदला. याच तीन आकृत्यांवर लुगडी चढवलीत तर ते चित्र कुणाचंच राहणार नाही. घागऱ्याचा मागचा गठ्ठा जो तोल दाखवतो तो कासोट्यात नसतो. तिथे पाय दिसतात, पोटऱ्या दिसतात, वजन वेगळ्या ठिकाणी दिसतं. आपल्याकडच्या बाया भाताच्या लावणीत कंबरेत वाकतात हे खरं, पण खुरपताना, भुईमुगाच्या रानात मागं राहिलेल्या शेंगा वेचताना बहुतेकदा उकिडव्या बसून पुढे सरकतात. तिथे भार पोटऱ्यांवर आणि गुडघ्यांवर येतो, एक हात जमिनीवर टेकलेला असतो. ज्वारीच्या रानात धसकटं गव्हापेक्षा जाड आणि उंच, त्यात पाऊल टाकायची तऱ्हाच निराळी. आणि पदर! रुमाल डोक्याला घट्ट बसतो, पदर वाकल्यावर पुढे येतो, तो दातात धरावा लागतो किंवा कमरेला खोचावा लागतो. हे घरी बसून सुचणार नाही.

तेव्हा ही प्रत मिलेच्या कपड्यांतच पुरी करा. सुगीच्या दिवसांत ओळखीच्या कुणाच्या रानावर जा, आधी विचारून परवानगी घ्या, बायांशी बोला, जमलं तर तासभर त्यांच्याबरोबर वेचायला बसा आणि मग वही काढा. पेन्सिलीने झटपट रेखाटनं करा, प्रत्येकाला मिनिट-दोन मिनिटं, कारण काम करणारं माणूस थांबत नाही. फोटो काढलेत तरी पाठीवरचा हात, टेकलेला तळवा, दातातला पदर या गोष्टी आधी हाताने काढा. ती रेखाटनं जमली की इथे टाका. कॅनव्हासवर कशी मांडायची, क्षितिज कुठे घ्यायचं, हे तेव्हा बघू.